स्टेंटचा नंबर पेशंटच्या हातात द्या

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
मा. भारताचे औषध महानियंत्रक,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व रुग्णालयांचे व्यवस्थापक



मी निवृत्त परिसेविका आहे. नोकरीतला शेवटचा मोठा काळ कॅथलॅबमध्ये गेला, त्याआधीचा जनरल ओटीत. या पत्रात गाऱ्हाणे आहे, पण ते कुणा एका डॉक्टरचे किंवा एका हॉस्पिटलचे नाही. आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतलेल्या एका सवयीचे आहे.

ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे अशा कुणालाही विचारा, की तुमच्या हृदयात नेमके काय बसवले आहे? तो सांगेल, "स्प्रिंग टाकली." कुठल्या कंपनीची, कोणत्या मॉडेलची, किती लांबीची, कोणत्या लॉटमधली, यातले काहीही त्याला सांगता येणार नाही. हर्नियाचे ऑपरेशन झालेला म्हणेल, "जाळी टाकली." मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर क्लिप लावलेल्या बाईंना तर आत काही धातू राहिला आहे, हेही कधी कधी धड माहीत नसते. ही माहिती त्यांच्यापासून मुद्दाम लपवलेली नसते. ती गोळा होते, नीट चिकटवली जाते आणि पेशंट सोडून बाकी सगळ्यांकडे जाते.

कशी ते सांगते. कॅथलॅबमध्ये टेबलावर पेशंट जागा असतो. मनगटातून किंवा जांघेतून शीथ घातलेले असते, वायर अरुंद जागेच्या पलीकडे गेलेली असते, बलूनने वाट करून झालेली असते. डॉक्टर म्हणतात, "थ्री बाय ट्वेंटी-एट द्या." म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाचा, अठ्ठावीस मिलिमीटर लांबीचा. सिस्टर खोक्यावरचा साइज आणि एक्सपायरी मोठ्याने वाचते, डॉक्टर मान डोलावतात, मगच पाऊच फोडायचा. एकदा फोडला की तो स्टेंट या पेशंटचा. त्या खोक्यात सोलून काढता येतील असे स्टिकर असतात. प्रत्येकावर कंपनीचे नाव, मॉडेल, माप, लॉट नंबर. एक स्टिकर केस पेपरवर जातो. एक कॅथलॅबच्या रजिस्टरमध्ये. एक बिलाला किंवा योजनेच्या क्लेमला जोडला जातो. आणि बऱ्याच ठिकाणी स्टेंटचा साठा पुरवठादारानेच ठेवलेला असल्यामुळे एक स्टिकर त्याचा माणूस घेऊन जातो, कारण त्याला वापरलेल्या नगाचे पैसे वसूल करायचे असतात. त्याच खोक्यात पेशंटसाठी एक छोटे कार्डही असते. ते भरून पेशंटच्या हातात देण्याची पद्धत काही हॉस्पिटलांत आहे. अनेक ठिकाणी ते कोरेच फायलीत पडते, किंवा खोक्याबरोबर कचऱ्यात जाते.

म्हणजे नंबरची नोंद आपण ठेवत नाही असे नाही. आपण ती पैशासाठी ठेवतो.

पैशासाठी आपण किती काटेकोर होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण १३ फेब्रुवारी २०१७ चे आहे. त्या दिवशी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. साधा स्टेंट ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधी लेपाच्या स्टेंटला लाखाच्या वर मोजायला लागत होते. दिल्ली उच्च न्यायालयात एका वकिलाने जनहित याचिका केली होती, त्यातून ही हालचाल झाली. त्या आदेशात आणखी एक ओळ होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. हॉस्पिटलने बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची, शिवाय ब्रँडचे नाव, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच नंबर लिहायचा. म्हणजे सरकारला हवे तेव्हा बॅच नंबर कागदावर येतो.

आपल्या राज्याचेही तसेच. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे शेतमजुराला, रिक्षावाल्याला मोफत अँजिओप्लास्टी मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. या योजनेत क्लेम पास व्हायला स्टेंटचा स्टिकर जोडावा लागतो. स्टिकर नसेल तर पैसे अडकतात, म्हणून तो कधीही विसरला जात नाही. थोडक्यात, राज्य सरकारने पैसे दिलेल्या स्टेंटचे नंबर पेशंटच्या नावासह सरकारदरबारी आधीच पोहोचलेले आहेत. पण क्लेम मंजूर झाला की त्यांचे काम संपते.

आता कुणी विचारेल, पेशंटला तो नंबर घेऊन करायचे काय? तो काय त्याची पूजा करणार आहे?

पहिला उपयोग पुढच्या डॉक्टरला. साताऱ्यात स्टेंट टाकलेल्या माणसाच्या छातीत पाच वर्षांनी, मुलाकडे ठाण्यात असताना, दुखू लागते. डिस्चार्ज कार्डावर कुठल्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला एवढेच असते, मापाचा पत्ता नसतो. जुन्या स्टेंटच्या आत नवा टाकायचा असेल तर आधीचा किती मिलिमीटरचा होता आणि कुठवर फुगू शकतो, हे माहीत असणे फार मोलाचे असते. हर्नियाची जाळी पोटाच्या भिंतीत आहे की आतड्याच्या बाजूने, आणि ती साध्या पॉलिप्रॉपिलीनची आहे की आतड्याकडच्या बाजूला वेगळा थर असलेली, हे दुसऱ्यांदा पोट उघडणाऱ्या सर्जनला आधी कळायला हवे. साधी जाळी आतड्याला चिकटून बसते. ती सोडवताना आतड्याला भोक पडू शकते.

दुसरा उपयोग एमआरआयच्या दारात. एका बाईंच्या मेंदूवर बऱ्याच वर्षांपूर्वी क्लिप लावलेली होती. आता त्यांना एमआरआय हवा होता. जुन्या काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या धातूच्या असत. मशीनमध्ये अशी क्लिप हलली तर प्राणावर बेतते. म्हणून क्लिप कुठली आहे हे कळल्याशिवाय रेडिओलॉजिस्टने नकार दिला, आणि त्यांचे बरोबरच होते. मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, आईच्या डोक्यात काय ठेवलंय ते आम्हाला कसं ठाऊक असणार?" ज्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झाले होते तिथे फाइल शिल्लक नव्हती. कायद्याने त्यांची चूकही नव्हती. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. क्लिप मात्र मरेपर्यंत डोक्यात राहते. तीन वर्षांचा कागद आणि जन्मभराची वस्तू, या दोन्हींमध्ये पेशंट अडकतो.

तिसरा उपयोग, काढायची वस्तू वेळेवर काढण्यासाठी. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत तात्पुरती जाळीची छत्री ठेवतात. धोका टळला की ती काढायची असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की गरज संपली की ती काढा, उगाच राहू देऊ नका. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, तर आपल्याकडे सर्रास विसरली जाते. बरे वाटले, काम सुरू झाले, पेशंट परत आलाच नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी तिच्यावर खड्यांचा थर चढलेला असतो आणि आता काढायलाच मोठे ऑपरेशन लागते. काढण्याची तारीख पेशंटच्या हातात, मराठीत, मोठ्या अक्षरात असती तर यातले कितीतरी लोक वेळेवर आले असते.

आणि चौथा उपयोग, ज्याच्यासाठी मी मुख्यतः हे लिहिते आहे. वस्तू सदोष निघाली तर माणसे शोधण्यासाठी.

२०१० च्या ऑगस्टमध्ये डेप्यू कंपनीने एएसआर नावाचा कृत्रिम खुबा जगभरातून परत बोलावला. त्याचे धातूचे भाग एकमेकांवर घासून धातूचे कण आजूबाजूच्या ऊतींत आणि रक्तात जात होते. ही गोष्ट जगाच्या लक्षात आली ती ऑस्ट्रेलियामुळे, कारण त्यांच्याकडे सांधे बदललेल्या प्रत्येक पेशंटची राष्ट्रीय नोंदवही होती आणि या मॉडेलची ऑपरेशने पुन्हा करावी लागतात असे त्या नोंदवहीत दिसू लागले होते. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनांत हा खुबा बसला होता. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली, आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल लोकांसमोर आला तेव्हा कळले की ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नाही. पुढे भरपाईचे सूत्र ठरले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण भरपाई घ्यायला माणसे सापडायला हवीत ना! ज्यांच्या खुब्यात ती वस्तू आहे त्यांच्यापैकी कित्येकांना ती कुठली आहे हेच माहीत नाही. दुखते ते वयाचे दुखणे समजून ती माणसे गोळ्या खात असतील.

खुब्याचे झाले तसे स्टेंटचे होऊ शकते का? होऊ शकते, कारण वस्तू सदोष निघणे हा या क्षेत्राचा धर्मच आहे. विरघळून जाणाऱ्या अ‍ॅबसॉर्ब स्टेंटचे किती कौतुक झाले होते! काही वर्षांनी मोठ्या अभ्यासांत त्यात गुठळ्या जास्त होतात असे दिसले आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. तो भारतातही वापरला गेला होता. ज्यांना तो बसवला त्यांतल्या किती जणांना हॉस्पिटलने पत्र पाठवून सांगितले, की तुमच्या हृदयात हा आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका? हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना विचारते आहे. उत्तर त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे.

एखादी मोटार सदोष निघाली तर चेसिस नंबरावरून मालकाला पत्र येते, फोन येतो, ब्रेक फुकट बदलून मिळतो. हृदयातल्या वस्तूला एवढाही मान नाही.

ज्यांनी या वस्तू शोधल्या त्यांची रीत अशी नव्हती. आंद्रेआस ग्रुंट्झिग हा जर्मन डॉक्टर झ्युरिकमधल्या आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बलून तयार करत असे. १६ सप्टेंबर १९७७ ला त्याने जागृत माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा बलून फुगवला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९७९ मध्ये, अमेरिकेत अँजिओप्लास्टीची नोंदवही सुरू झाली, की कुणाला केली, काय झाले, पुढे काय झाले. ग्रुंट्झिग १९८५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या पहिल्या पेशंटची रक्तवाहिनी दहा वर्षांनी पुन्हा तपासली गेली, ती उघडी होती. म्हणजे शोध लावणारा गेला तरी पेशंटचा माग सुटला नाही. माग नसला की काय होते, तेही दिसले. १९७९ ते १९८६ या काळात जगभर सुमारे ८६,००० माणसांना बसवलेल्या ब्यॉर्क-शायली या हृदयाच्या झडपेच्या एका प्रकाराचा दांडा तुटू लागला. दांडा तुटला की चकती निसटते आणि माणूस बहुतेक वाचत नाही. ते पेशंट शोधताना जी धावपळ झाली तिच्यानंतर अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून अशा वस्तूंचा माग ठेवणे कंपन्यांवर सक्तीचे केले. चुकांचा माग काढणे आपल्याकडेही जमते, याचे उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत आहे. डॉ. एम. एस. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे हृदयाची झडप घडवताना आधीची तीन मॉडेल्स फसली, आणि ती कुठे फसली हे तपासूनच चौथे उभे राहिले. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसात बसवली गेली.

नोंदीची किंमत तर पुण्याने दोनशे वर्षांपूर्वी जगाला दाखवली आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याच्या एका कुशल कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ते ऑपरेशन पाहिले, चित्रकार जेम्स वेल्सने त्या गाडीवानाचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात सगळे छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ मध्ये तसेच नाक घडवले. ऑपरेशन करणाऱ्याचे नाव कुणी टिपले नाही, पण काम टिपले गेले, म्हणून ते जगाला शिकता आले. टिपले नसते तर ते त्या कारागिराबरोबरच संपले असते.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. त्या नियमांत प्रत्येक उपकरणाला स्वतःची वेगळी ओळख, म्हणजे एक विशिष्ट क्रमांक, देण्याची तरतूद आहे. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायची होती, पण ती तारीख पुढे ढकलली गेली. सदोष उपकरणांच्या तक्रारींसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. त्याच्या अर्जात लॉट नंबर विचारतात. डॉक्टरच्याच हातात तो नसेल तर तक्रार कोण आणि कशी करणार? आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येक नागरिकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो आहे. ओळखीचा क्रमांक आहे, वस्तूचा क्रमांक आहे. दोन्ही एका ओळीत लिहायचे तेवढे राहिले आहे.

हरकती मला माहीत आहेत, कारण त्या मीही ड्युटीवर ऐकल्या आहेत. पहिली, स्टाफ कमी आहे, आणखी कागद कोण भरणार? खरे आहे, स्टाफ कमीच असतो. पण चार स्टिकर चिकटवणाऱ्या हाताला पाचवा चिकटवायला अर्धा मिनिट पुरतो. दुसरी हरकत, पेशंट घाबरतील, कोर्टात जातील. घाबरतील, हे मान्य. पण स्वीडनमध्ये गुडघ्यांची नोंदवही १९७५ पासून आणि खुब्यांची १९७९ पासून आहे. तिथे त्यामुळे ऑपरेशने बंद पडली नाहीत. उलट कोणते सांधे टिकतात हे कळून वाईट मॉडेल्स आपोआप मागे पडली. तिसरी हरकत, खासगीपणाची. ही मी गंभीरपणे घेते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याच्या चौकटीत राहून पेशंटच्या संमतीनेच नोंदवही चालावी. ती विमा कंपन्यांना विकली जाऊ नये, आणि तिच्यातून कुणाला फोन जायचा असेल तर तो फक्त सुरक्षिततेसाठी जावा. हे सगळे नियमात लिहून घ्या. पण खासगीपणाच्या नावाखाली पेशंटपासूनच त्याची माहिती लपवू नका.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, शरीरात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचे, मग तो स्टेंट असो, झडप, क्लिप, कृत्रिम रक्तवाहिनी किंवा जाळी, कार्ड डिस्चार्जच्या आधी पेशंटच्या हातात मिळावे. त्यावर स्टिकर, कुठे बसवली, कोणत्या तारखेला, एमआरआय चालतो का, आणि काढायची असेल तर कधी, हे मराठीत लिहिलेले असावे. बिलाचे पैसे राहिले म्हणून कार्ड अडवता येऊ नये.

दोन, महात्मा फुले योजनेत दरवर्षी जमणाऱ्या स्टिकरांची माहिती क्लेमच्या फायलीतून बाहेर काढून राज्याची नोंदवही सुरू करावी. सुरुवात स्टेंटपासून करा, कारण ती माहिती आधीच तुमच्याकडे आहे. नवीन यंत्रणा उभारायला थांबण्याची गरज नाही.

तीन, केंद्राने विशिष्ट ओळख क्रमांकाची तारीख आता ठरवावी आणि ती पुन्हा पुढे ढकलू नये. ज्या वस्तू शरीरात कायम राहतात त्यांना ती सगळ्यांत आधी लागू करावी.

चार, एखादी वस्तू परत बोलावली गेली, तर ठरावीक मुदतीत पेशंटला त्याच्या भाषेत कळवण्याची जबाबदारी कंपनी आणि हॉस्पिटल या दोघांवर ठेवावी, आणि ती पाळली की नाही हे अन्न व औषध प्रशासनाने तपासावे.

पाच, शरीरात वस्तू ठेवलेल्या पेशंटची कागदपत्रे तीन वर्षांनी फेकून देता येणार नाहीत, अशी नियमात दुरुस्ती व्हावी.

यातली पहिली मागणी मान्य करायला ना विधेयक लागते ना निधी. एक परिपत्रक पुरते. रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना तर तेही लागत नाही, उद्याच्या पहिल्या केसपासून त्यांना सुरुवात करता येईल. २०१७ मध्ये एका आदेशाने स्टेंटची किंमत एका रात्रीत खाली आली आणि हॉस्पिटलांना बिलावर बॅच नंबर लिहिणे भाग पडले. ज्यांनी किमतीसाठी नंबर लिहवून घेतला, त्यांनी आता जिवासाठीही तो लिहवून घ्यावा. महाराष्ट्राने हे आधी केले तर केंद्राला मागे राहणे अवघड जाईल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका